मदत हवी आहे: पोस्टग्रेस १४ डेटाबेस, अल्पाइन लिनक्सवरून डेबियन लिनक्सवर

खानापूर भागातल्या एका पतसंस्थेची सभासद यादी मराठी क्रमाने हवी आहे: ‘कावळे’ आधी, ‘काळे’ नंतर, कारण आपल्या वर्णमालेत ळ शेवटाकडे येतो. लॅपटॉपवर मराठी आयसीयू कोलेशन (आयसीयू या लायब्ररीतले मराठी क्रमाचे नियम) लावून क्रम बरोबर लागतो. सर्व्हरवर मात्र फ्लायवेचं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) अडतं: ‘कोलेशन डझ नॉट एक्झिस्ट’. तिथे डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) पोस्टग्रेसची अल्पाइन इमेज, म्हणजे तयार पॅकेज, आहे. कोलेशन हाताने बनवून पाहिलं, तर ‘आयसीयू इज नॉट सपोर्टेड इन धिस बिल्ड’. क्रम ॲपमध्ये लावता येईल, पण छापील यादी थेट क्वेरीतून निघते आणि वयस्कर सभासद त्यातच नाव शोधतात.

व्हर्जन १४ च ठेवायचं आहे. रविवारी सर्व्हर बंद ठेवता येतो. त्याच डेटा व्हॉल्यूमवर (डेटा साठवलेल्या जागेवर) आयसीयू असलेली डेबियन इमेज चढवून रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं) पुरेल, की डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढून रिस्टोअरच करावं?