हाताने कॉफी करायला काय घ्यावं? (मुलुंड, बजेट ५००० च्या आसपास)

सातबेचाळीस

नमस्कार. सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध, साखर, इन्स्टंट पावडर आणि वर किसलेलं जायफळ. सासूबाई अजून तीच घेतात आणि ती लागतेही छान. पण वर्षभरात ऑफिसजवळ कागदातून गाळलेली काळी कॉफी प्यायले आणि आता तिचीच सवय झाली आहे. रोज बाहेर एवढे पैसे घालण्यापेक्षा घरी करावी म्हणून दिवाळीत फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्याने कॉफी खाली दाबायचं भांडं) आणला. सोबत जवळच्या दुकानातून पावडर आणली, ती निघाली अगदी बारीक. दट्ट्या खाली जाईना. जोर लावला तर कडेने कॉफी उसळून मनगटावर आली, आणि कपाच्या तळाशी बोटभर गाळ. दोनदा असं झाल्यावर प्रेस माळ्यावर गेला.

घर वन बीएचके, ओटा लहान. पाइपचा गॅस आहे, इंडक्शनही आहे. मला ७:४२ ची लोकल असते, म्हणजे कॉफीला दहा मिनिटं, आणि त्याच दहा मिनिटांत दोन डबे भरायचे असतात. मी काळी, बिनसाखरेची घेते. नवऱ्याला दुधाची, कडक लागते.

मोका पॉट (गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं), व्ही ६० (कागद लावायचा शंकू), एरोप्रेस (हाताने दाबून कॉफी काढायची नळी) या तिघांत अडकले आहे. ग्राइंडर खरंच लागतो का, की मिक्सरवर भागेल? ५००० च्या थोडं वर गेलं तरी चालेल, पण घेतलेली वस्तू परत माळ्यावर जायला नको.

किंगसर्कल

नवऱ्याच्या कॉफीचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर घ्या. काही शे रुपयांत येतो, वीज नको, कागद नको, आणि आयुष्यभर टिकतो. आमचा माझ्या आईच्या लग्नातला आहे, पितळी.

वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर घाला, चकती हलकेच टेकवा. दाबायची नाही, नाहीतर थेंब पडणं बंद होतं. वरून उकळतं पाणी १०० मिली, झाकण, आणि विसरून जा. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन तयार. सकाळी घाई असेल तर रात्री झोपताना लावून ठेवा. सकाळी फक्त दूध उकळायचं. डिकॉक्शन मात्र पुन्हा उकळू नका, करपट लागतं.

पावडरीसाठी एकदा माटुंग्याला पूर्वेला या. स्टेशनपासून किंग्ज सर्कलपर्यंतच्या रस्त्यांवर कॉफी दळून देणारी जुनी दुकानं आहेत, वासावरूनच सापडतात. तिथे चिकोरी किती घालू असं विचारतात. पहिल्यांदा ८०:२० घ्या. चिकोरीने दाटपणा आणि रंग येतो, पण ती कॉफी नव्हे, एका मुळाची भाजलेली पूड असते. बंद पाकीट घेतलंत तर प्रमाण वाचून घ्या, ते छापणं बंधनकारक आहे. निम्म्याजवळ चिकोरी असलेली पाकिटंही सर्रास मिळतात.

आणि एक सांगू? सासूबाईंची जायफळाची कॉफी या डिकॉक्शनवर करून बघा.

बारीकरवा

मी आठ वर्षं रोज हाताने कॉफी करतो, ठाण्याला. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही विचारलेल्या तिन्ही वस्तूंपेक्षा शेवटचा प्रश्न मोठा आहे. पैसे ग्राइंडरमध्ये घाला. भांडं कुठलंही चालतं. वाईट दळणाची चांगली कॉफी मात्र कुठल्याच भांड्यात होत नाही.

मिक्सरचं पातं बिया दळत नाही, फोडतं. मिक्सरमधली कॉफी पांढऱ्या ताटलीत पसरून बघा: अर्धी भुकटी, मधे मधे डाळीएवढे तुकडे. पाणी पडलं की भुकटीतून कडवटपणा क्षणात उतरतो आणि त्या तुकड्यांतून नीट काही उतरतच नाही, ते आंबट राहतात. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही लागतं ते यामुळे. ग्राइंडरमध्ये जात्यासारखी दोन दातेरी चक्रं असतात. त्यांच्यातली फट तुम्ही ठरवता आणि दाणा त्या फटीएवढा होईपर्यंत सुटत नाही. म्हणून दळण एकसारखं येतं.

दळण किती जाड ते आपल्या स्वयंपाकघरातल्याच मापाने सांगतो. फ्रेंच प्रेसला इडली रव्यासारखं. कागदातून गाळायला उपम्याच्या रव्यासारखं. मोका पॉटला त्याहून बारीक, बारीक मिठाच्या जवळ. चिमूट बोटांत चोळून बघायची सवय लावा, आठवड्यात हाताला कळायला लागतं. तुमच्या दुकानाने दिली ती पावडर फिल्टरसाठीची असणार. ती प्रेसच्या जाळीत अडकते, म्हणून दट्ट्या अडला. तुमचं किंवा प्रेसचं काही चुकलेलं नाही.

हाताने फिरवायचा, स्टीलच्या चक्रांचा ग्राइंडर घेतलात तर निम्म्याहून जास्त बजेट तिथेच जाईल. जाऊ द्या. स्वस्तातले चिनी मातीच्या चक्रांचे ग्राइंडर मीही वापरले आहेत. दांडा डुगडुगतो, जाड दळण एकसारखं येत नाही, आणि एका कपाला तीन-चार मिनिटं हात दुखवावा लागतो. ७:४२ च्या घाईत ते जमणार नाही. चांगल्या ग्राइंडरमध्ये १८ ग्रॅम एका मिनिटात होतं.

आता भांडं. व्ही ६० म्हणजे ६० अंशांच्या कोनाचं शंकू, नाव त्यावरूनच. प्लॅस्टिकचा घ्या. तो सगळ्यात स्वस्त तर आहेच, पण चिनी मातीच्या शंकूसारखा पाण्याची उष्णताही खात नाही. अडचण एकच, धार. पाणी बारीक धारेने, गोल फिरवत ओतावं लागतं, त्यासाठी लांब चोचीची किटली लागते आणि तीन मिनिटं समोर उभं राहावं लागतं. डबा भरता भरता ते होत नाही.

म्हणून माझा सल्ला: माळ्यावरचा प्रेस खाली काढा. १८ ग्रॅम कॉफी, मध्यम दळण, ३०० मिली पाणी, उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून घातलेलं. चमच्याने एकदा ढवळा, झाकण ठेवा आणि डब्याकडे वळा. चार मिनिटांनी ती कॉफी कागद लावलेल्या शंकूतून कपात ओता. दट्ट्या वापरायचाच नाही. गाळ कागदात राहतो, आणि धारेचं कौशल्य लागत नाही कारण कॉफी आधीच मुरलेली आहे. कागद आधी गरम पाण्याने भिजवून ते पाणी टाकून द्या, कागदाचा वास जातो. रविवारी वेळ असेल तेव्हा त्याच शंकूवर नीट धार धरून करा: आधी ४० मिली पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट फुलू द्यायची, मग उरलेलं दोन-तीन वेळा मिळून. ताजी कॉफी असली तर ओलं दळण खमणासारखं फुगतं, बुडबुडे फुटताना दिसतात. भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो.

आंबट आणि पाणचट लागली तर पुढच्या वेळी ग्राइंडरची फट एक-दोन टिक (खुणा) कमी करून बारीक दळा. कडू, तुरट, जीभ कोरडी पडणारी लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला.

ओट्यापाशी

मोका पॉटबद्दल, कारण माझ्याकडे दोन आहेत आणि एक चुकीचा घेतला होता.

मूळ मोका पॉट १९३३ चा, इटलीतल्या अल्फोन्सो बियालेत्तीचा, ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर तापत नाही. मी ऑनलाइन वर्णन न वाचता घेतला आणि मग गॅसवर आणला. तिथे दुसरी अडचण, लहान पॉटचा बूड आपल्या बर्नरच्या जाळीच्या हातांवर बसत नाही, कलंडतो. वर ठेवायची छोटी गोल जाळी मिळते ती आधी घ्या, किंवा स्टीलचा पॉट घ्या.

बाकी कृती सोपी आहे. खालच्या भांड्यात पाणी वाफेच्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच. पाणी आधीच गरम घातलं तर कॉफी कमी करपते. पावडर भरायची, दाबायची नाही. आच मंद. वर कॉफी मधासारखी यायला लागते, मग रंग फिका होतो आणि गुरगुर सुरू होते. ती गुरगुर ऐकून उतरवलं तर उशीर झालेला असतो, फिका रंग दिसताच उतरवा आणि बूड नळाखाली धरा.

दुधाच्या कॉफीला मोका उत्तम. पण तीन कपांचा पॉट म्हणजे तीन इवलेसे कप, आणि अर्धा भरून तो नीट चालत नाही. एस्प्रेसो मशीन ९ बारच्या दाबाने काढतं, मोका एक-दीड बारने. कॅफेतल्यासारखी एस्प्रेसो मिळेल या आशेने घेऊ नका. तुमच्याकडे फिल्टर आला की मोका लागणार नाही असं मला वाटतं.

एरोप्रेस प्रवासाला फार चांगला. फुटत नाही, धुवायला दहा सेकंद. ॲलन ॲडलर यांनी तो २००५ मध्ये आणला, त्याआधी ते लांब उडणाऱ्या चकत्या बनवत. पण एका वेळी एकच कप.

सातबेचाळीस

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रेस खाली काढला! आणखी तीन शंका. आमच्याकडे आरओचं पाणी आहे, तेच वापरू ना? पावसाळ्यात बिया कशा ठेवायच्या? आणि पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं राहिलं, गेल्या तपासणीत माझं कोलेस्टेरॉल थोडं वर आलं. कॉफी कमी करावी लागेल का?

बारीकरवा

कोलेस्टेरॉलचं सांगितलंत ते बरं झालं. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतो. उकळलेल्या आणि फ्रेंच प्रेसच्या कॉफीत तो बराच उतरतो, कागद मात्र तो जवळजवळ सगळा अडवतो. म्हणजे तुमच्यासाठी कागद ही आता आवडीची बाब राहिली नाही, तो वापराच. प्रेसमध्ये मुरवून कागदातून गाळलं तरी तेच होतं. किती कप घ्यायचे ते डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना कॉफी कागदातून गाळलेली आहे हे सांगा.

पाणी: मुंबईचं पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांचं, मुळातच मृदू. आरओ त्यातले उरलेसुरले क्षारही काढून टाकतं, आणि क्षारांशिवाय कॉफीची चव नीट उतरत नाही, सपाट लागते. नळाचं पाणी साध्या फिल्टरमधून घेऊन उकळा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर उलटी अडचण, ते जड असतं. तेव्हा आरओचं आणि नळाचं निम्मं निम्मं करून बघा.

किंगसर्कल

पावसाळ्याचं मी सांगते. एका वेळी २५० ग्रॅमच आणा, पाकिटावर भाजल्याची तारीख बघून. भाजल्यावर आठवडाभराने कॉफी चांगली लागायला लागते, आणि महिना-दीड महिन्यात संपवावी. पाकिटातली हवा दाबून काढा, घडी घालून चिमटा लावा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. शेगडीच्या वरच्या फळीवर नको. फ्रिजमध्येही नको: दर वेळी बाहेर काढलं की गार बियांवर दमट हवेचं पाणी धरतं, शिवाय लसणाच्या चटणीचा वास लागतो तो वेगळाच. फारच जास्त असतील तर एकेका आठवड्याच्या पुड्या बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढलेली पुडी साध्या तापमानाला आल्यावरच उघडा.

काळ्या कॉफीच्या बिया माटुंग्याच्या भाजणीतल्या नकोत, ती दुधासाठीची गडद भाजणी असते. बिया भाजून विकणारे कॅफे आहेत: महालक्ष्मीला ब्लू टोकाई, वांद्र्याला सबको. तिथे आधी कप पिऊन बघता येतो आणि मग तीच बी घेता येते. ग्राइंडर येईपर्यंत ते तुमच्या भांड्याप्रमाणे दळूनही देतात. सुरुवातीला चिकमगळूरकडची मध्यम भाजणीची अरेबिका (कॉफीची एक जात) घ्या. पाकिटावर एस ७९५ लिहिलेलं दिसेल, बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातलं आपलंच वाण आहे ते.

सातबेचाळीस

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते. ग्राइंडर घेतला (बजेटच्या वर गेले, पण पश्चात्ताप नाही), प्लॅस्टिकचा शंकू, कागद आणि माटुंग्याहून स्टीलचा फिल्टर. वजनकाटा घरी होताच.

पहिले तीन दिवस कॉफी आंबट झाली. दोन टिक बारीक केलं, तशीच. आणखी दोन केलं आणि चौथ्या दिवशी पहिल्या घोटाला गूळ आणि संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी लागलं. नुसती कॉफी, आत काही घातलेलं नाही. मी ओट्यापाशी उभी राहून अर्धा कप संपवला आणि मग डब्याची आठवण झाली. लोकल मिळाली. रात्रीच बिया मोजून ग्राइंडरमध्ये भरून ठेवते, सकाळी फक्त फिरवायचं. आरओचं पाणी बंद केल्यावरचा फरक नवऱ्यालाही कळला.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी फिल्टरची कॉफी नको म्हटलं. मग डिकॉक्शन थोडं, दूध जास्त, साखर त्यांच्या मापाने आणि जायफळ त्यांच्याच हाताने किसून. कप रिकामा करून म्हणाल्या, "हे रात्रीच लावून ठेवायचं असतं ना? मी लावत जाईन." आता ते काम त्यांच्याकडे आहे.

ग्राइंडरचे आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत: माझी १८, फिल्टरची १२. माटुंग्याची पावडर संपली की फिल्टरसाठीही घरीच दळणार आहे. त्यात चिकोरी वेगळी आणून मिसळता येते का, किंगसर्कल?

किंगसर्कल

येते. त्याच दुकानात सुटी मागा, १०० ग्रॅम पुष्कळ झाली. ग्राइंडरमध्ये घालू नका, ती आधीच पूड असते आणि ओल धरून चक्रांना चिकटते. चार चमचे कॉफीला एक चमचा, फिल्टरमध्ये भरतानाच मिसळायची.