शून्य टक्के दिलं तरी केन कॅरिअर १० हर्ट्झवर फिरतोय

मिलहाऊसवाला:
रामराम मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालंय, मोळी टाकायला आठ दिवस उरलेत, म्हणून जरा घाईत लिहितोय.

केन कॅरिअरचा (ऊस मिलकडे नेणारा पट्टा) जुना डायनो ड्राइव्ह, म्हणजे मोटरपुढच्या कपलिंगमधून वेग बदलणारी यंत्रणा, या ऑफ-सीझनला काढला आणि त्याच ३० किलोवॅटच्या मोटरला व्हीएफडी लावला, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. पहिल्या मिलच्या शूटमध्ये (मिलमध्ये ऊस उतरतो तो उभा मार्ग) उसाची पातळी किती आहे ते पीएलसी (कंट्रोल करणारा छोटा कॉम्प्युटर) बघतो आणि ४-२० मिलिअँपिअरचा सिग्नल ड्राइव्हला देतो: ४ म्हणजे ० टक्के वेग, २० म्हणजे १०० टक्के. पातळी चढली की कॅरिअर हळू, उतरली की जोरात.

रिकाम्या कॅरिअरवर ट्रायल घेतली. रन कमांड देऊन स्क्रीनवरून ० टक्के टाकलं की मोटर उभी राहायला हवी, पण डिस्प्लेवर १० हर्ट्झ. ५० टक्क्यांना २५ च्या जागी ३०. १०० टक्क्यांना मात्र बरोबर ५०. मीटर सिरीजमध्ये लावून पाहिला तर ४, १२, २० असा स्वच्छ करंट येतोय, म्हणजे पीएलसीचं कार्ड ठीक आहे. कमिशनिंगला आलेला माणूस म्हणाला, "प्रोग्राममध्ये वजाबाकी टाका, जमून जाईल." मला ते पटेना. हंगामात रात्री तीन वाजता शूट भरून चोक झाला तर मिल उभी राहते आणि गव्हाणीपासून यार्डापर्यंत गाड्या तुंबतात. तिथं ठिगळ नको.

दुसरी गोष्ट, शेजारच्या रेक कॅरिअरचा (ऊस पुढे ओढणारा दुसरा कॅरिअर) व्हीएफडी चालू झाला की आमच्या ड्राइव्हवरचा आकडा एक-दीड हर्ट्झनं नाचतो.

पॅनेलकाका:
तुमचा ड्राइव्ह सिग्नल ०-२० समजून वाचतोय. २० पैकी ४ म्हणजे पाचवा हिस्सा, ५० हर्ट्झचा पाचवा हिस्सा १०. बारा म्हणजे ६० टक्के, म्हणून ३०. वर गेल्यावर दोन्ही रेंज २० लाच संपतात, त्यामुळे तिथं फरक दिसत नाही. ॲनालॉग इनपुटच्या पॅरामीटरमध्ये रेंज ४-२० करा. प्रोग्रामला हात लावू नका. सिग्नल ४ पासून सुरू करतात तो याचसाठी की वायर तुटली की करंट शून्य होतो आणि ड्राइव्हला कळतं की हा 'थांब' नव्हे, हा बिघाड आहे. वजाबाकी करून सिग्नल ४ च्या खाली नेलात की ही ओळखच गेली.

वाइंडिंग_ते_व्हीएफडी:
काकांचं बरोबर आहे, पण लगेच पॅरामीटर बदलू नका. ड्राइव्हमध्ये किमान फ्रिक्वेन्सी (याच्या खाली जायचं नाही असं सेटिंग) १० टाकलेली असेल तरी बऱ्याच ड्राइव्हवर हेच आकडे येतात: १०, ३०, ५०. दोन्हींची रेघ एकच! ओळखायचं कसं? ड्राइव्ह बंद करून सिग्नलची एक वायर टर्मिनलमधून सोडवा, कपलिंग खोला, मग रन द्या. शून्यावर आला तर रेंज चुकलीय. १० वरच राहिला किंवा सिग्नल गेल्याचा फॉल्ट दाखवला तर रेंज ठीक आहे, किमान फ्रिक्वेन्सी बघा.

आकडा नाचतोय त्यासाठी केबल ट्रे बघा. सिग्नलची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून आणलीय का?

मिलहाऊसवाला:
आज दुपारी केलं. वायर सोडली आणि रन दिला, तर डिस्प्ले शून्यावर. म्हणजे रेंजच. ४-२० केल्यावर ०, २५, ५० असे आकडे आले. सिग्नल गेला तर ट्रिप व्हायचं सेटिंगही टाकलं. मग रन चालू असताना मुद्दाम वायर काढली, तेव्हा ड्राइव्ह फॉल्ट दाखवून थांबला. हे डोळ्यांनी बघितल्यावरच जिवात जीव आला.

ट्रेचं म्हणाल तर लाज वाटते. चाळीस मीटर आमची शील्डेड (आत धातूची जाळी असलेली) सिग्नल केबल रेक कॅरिअरच्या मोटर केबलला चिकटून आलीय, आणि शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली.

वाइंडिंग_ते_व्हीएफडी:
लाज कसली, हे निम्म्या कारखान्यांत असंच सापडतं. व्हीएफडीतून मोटरला जाणारी केबल सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं व्होल्टेज वाहते, त्याचा गोंधळ शेजारच्या सिग्नलमध्ये शिरतो. सिग्नल केबल वेगळ्या ट्रेत टाका, फूटभर तरी अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. शील्ड फक्त पीएलसी पॅनेलच्या बाजूला अर्थ करा, दुसरं टोक टेप लावून मोकळं ठेवा. मोटर केबलचं उलटं, तिचं आर्मर (वरचं धातूचं कवच) दोन्ही टोकांना अर्थ हवं.

पॅनेलकाका:
आणखी एक विचारतो. मोटर जुनीच आहे म्हणालात ना? डायनोमध्ये मोटर कायम पूर्ण वेगानं फिरायची, वेग कमी व्हायचा तो पुढच्या कपलिंगमध्ये. त्यामुळे शाफ्टवरचा पंखाही कायम पूर्ण हवा द्यायचा. आता १२-१५ हर्ट्झवर पंखाही रांगणार, आणि उसानं भरलेला कॅरिअर हळू चालला म्हणून टॉर्क कमी मागत नाही. तेवढाच करंट, हवा मात्र अगदी थोडी. मोटर तापणार.

मिलहाऊसवाला:
काका, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आत्ता स्टोअरला जाऊन आलो, वेगळ्या सप्लायवर चालणारा एक कूलिंग ब्लोअर पडून आहे. उद्या फिटरला घेऊन मोटरच्या मागच्या कव्हरचं माप बघतो. केबलचं काम रात्रपाळीला लावलंय.