छोट्या ग्रूमिंग दुकानाला दोन मोटरचा ड्रायर लागत नाही. तुमचं काय मत?

मोतीची आई
पुण्यात धायरीत दहा बाय बाराच्या खोलीत माझं ग्रूमिंगचं, म्हणजे कुत्र्यांना अंघोळ घालून केस वाळवायचं-कापायचं काम चालतं. दिवसाला चार-पाच कुत्री, शनिवार-रविवारी सात. जुना ब्लोअर, म्हणजे नळीतून जोराचा वारा मारणारा ड्रायर, तीन वर्षांत झिजला, आता सुरू केला की घरघरतो. म्हणून महिनाभर नवा शोधतेय. जो विक्रेता भेटतो तो दोन मोटरचाच घ्या म्हणून मागे लागतो. मला ते पटत नाही. का, ते सांगते. चूक वाटलं तर कारण देऊन खोडा.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. 2800 वॅट लिहिलेलं असतं, पण त्यात हीटरचे वॅटही धरलेले असतात. अंगावरचं पाणी उडवतो तो वारा, हीटर नव्हे. मी दोन दुकानांत हीटर बंद करायला लावून ओल्या पंच्यावर नळी धरून पाहिली. मोठ्या आकड्याच्या यंत्राचा जोर लहानापेक्षा कमी निघाला.

चांगला ब्लोअर कसा ओळखायचा? लॅब्रॅडॉरच्या पाठीवर नळीचं तोंड इंच-दीड इंचावर धरा. केस गोल फाकतात, मध्ये गुलाबी कातडी दिसते आणि पाण्याची रेघ पुढे पुढे पळते. रेघ पळाली की पुरे. एवढं काम एक चांगली मोटर करते. वेगाचं बटण मात्र अगदी शून्यापासून हळूहळू वाढणारं हवं. थेट मोठ्या आवाजात सुरू होणारं यंत्र घाबरट कुत्र्याला पहिल्याच दिवशी कायमचं बिथरवतं. मी मागच्या पायापासून सुरुवात करते, कानांवर कापडी पट्टी चढवते आणि तोंडाकडे नळी कधीच नेत नाही.

आणि दुरुस्ती. साध्या मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजले तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतात, अर्ध्या तासात बसतात. फिल्टर रोज झटकला तर मोटर जास्त तापत नाही. जितकं यंत्र मोठं, तितकं ते बंद पडल्यावर आपलं दुकान बंद.

ठाणेकर
ताई, तुमचं गणित तुमच्या खोलीपुरतं बरोबर आहे, पण मथळा सगळ्या छोट्या दुकानांना लावताय, तिथे माझा विरोध. मीही एकटाच काम करतो. माझ्याकडे हस्की, गोल्डन आणि जर्मन शेफर्ड जास्त. एका मोटरवर जुलैत हस्की वाळवायला मला दीड तास लागायचा. दोन मोटरचा आणल्यापासून पाऊण ते एक तास. वाचलेला वेळ माझ्यापेक्षा त्या कुत्र्याचा आहे. दीड तास टेबलावर उभं राहणं त्याला किती जड जातं, ते त्याच्या पायांच्या थरथरीवरून कळतं.

पावसाळ्यात आमच्याकडे हवाच ओली असते. वरून कोरडा वाटणारा डबल कोट, म्हणजे वर राठ आणि आत दाट मऊ असा केसांचा दुहेरी थर, आतून ओलाच राहतो. घरी जाऊन दोन दिवसांत कुत्रा खाजवायला लागतो, कातडीवर लाल ओला चट्टा उठतो आणि मालक आपल्यालाच विचारतो.

दुरुस्तीचं म्हणाल तर दोन मोटरच्या यंत्राला दोन वेगळी बटणं असतील तेच घ्यावं. लहान कुत्र्याला एकच चालवा. एक मोटर गेली तर रविवार दुसरीवर निभावतो. तुमची एकुलती एक मोटर रविवारी सकाळी जळाली तर?

वायरमन
मी कुत्र्यांतला नाही, परवानाधारक वायरमन आहे, आणि अशा दोन दुकानांचं काम केलंय. दोघांनाही विनंती, यंत्राआधी बोर्ड बघा. 2400 वॅटचं यंत्र आपल्या 230 व्होल्टवर साडेदहा अँपिअरच्या आसपास ओढतं, 3000 वॅटचं तेरा. घरातला साधा पॉइंट सहा अँपिअरचा. एका दुकानात मल्टिप्लग लावून त्यावरच ड्रायर आणि गिझर, दोन्ही. पिन उपसली तर तिच्याबरोबर वितळलेल्या प्लास्टिकचा चिकट धागा ओढला गेला. तिथेच खाली ओली फरशी.

ड्रायरला सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, त्याला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), बोर्डातून थेट वायर, अर्थिंग तपासलेलं आणि विजेची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी. हा खर्च यंत्राच्या बजेटमध्येच धरा. बाहेरून 110 व्होल्टचं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून कोणी आणू नका. तेवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर घेता घेता स्वस्ताई संपते.

आणखी एक. घरगुती मीटरवर धंदा चालवत असाल तर तो वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली विजेचा अनधिकृत वापर ठरू शकतो. व्यावसायिक जोडणी घ्या आणि मंजूर भार ड्रायर, गिझर, एसी धरून मागा.

शिट्झूवाली
तुम्ही दोघं ब्लोअरवरच भांडताय. माझ्याकडे दहातली सात कुत्री शिट्झू आणि पूडल. लांब केसांवर जोराचा वारा जवळून मारला की टोकं एकमेकांत गुंततात आणि गाठी पडतात. मग तुम्ही त्या सोडवत बसा, आणि कुत्रं कळवळतं. अशा केसांना स्टँड ड्रायरच हवा. दोन्ही हात मोकळे, कोमट संथ वारा, एकेक बट ब्रशने मुळापासून सरळ करत वाळवायची. केस सरळ न वाळता वेटोळे वाळले तर कात्री सारखी चालत नाही, पाय खालीवर दिसतात. नव्या माणसाने आधी आपल्या भागात कुठली कुत्री आहेत ते मोजावं. माझं पहिलं यंत्र ब्लोअर होतं आणि ती माझी चूक होती.

नवा गडी
मी कोल्हापुरात सुरू करतोय, मदतनीस परवडत नाही. बंद पेटीचा गरम हवेचा ड्रायर घेतला तर? एक कुत्रं आत वाळतंय तोवर दुसऱ्याची अंघोळ. एकट्या माणसाला हाच मार्ग दिसतो.

पशुवैद्य
नाही. हे मी कळकळीने सांगतोय. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. बंद पेटीत गरम हवा, त्यात अंगावरच्या पाण्याची वाफ. अशा हवेत कितीही धापा टाकल्या तरी अंग निवत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. माझ्याकडे एका पार्लरमधून पग आला तेव्हा ते 107 होतं. जीभ जांभळी, हिरड्या विटेसारख्या लाल. मालकीणबाई नुसत्या त्याचे पाय चोळत होत्या. संध्याकाळपर्यंत गेला तो. पेटी चालू करून माणूस फोन घ्यायला बाहेर गेला होता, एवढंच झालं होतं. पग, बुलडॉग, शिट्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापाही नीट टाकता येत नाहीत.

नवा गडी
डॉक्टर, वाचून वाईट वाटलं. पण हीटर नसलेला, पुढून जाळीचा पिंजरा, नुसता पंखा आणि मी त्याच खोलीत, हेही नाही?

पशुवैद्य
हीटर नाही, जाळी उघडी, कुत्रं नजरेसमोर, तर माझी हरकत नाही. पण मग तो नुसता पंखाच झाला. डबल कोट त्याने आतून वाळणार नाही. आणि चपट्या नाकाचं कुत्रं तिथेही नको. तुम्ही वेळ वाचवायला बघताय, तर आधी मायक्रोफायबरच्या टॉवेलने दोनदा पाणी टिपा. दहा मिनिटं तिथेच वाचतात.

मोतीची आई
सगळं नीट वाचलं. ठाणेकरांचं दोन बटणांचं म्हणणं मला मान्य, ते माझ्या डोक्यात नव्हतं. तरी माझ्या खोलीपुरती मी एका मोटरवरच ठाम आहे. माझ्याकडे महिन्याला दोन हस्की येतात, त्यांच्यासाठी रोज पाच लहान कुत्र्यांच्या कानांशी तो गडगडाट कशाला? खोली लहान असली की आवाज भिंतींवर आपटून दुप्पट अंगावर येतो. मी स्वतः कानाला मफ लावते तरी रात्री डोकं भणभणतं. त्यांचे कान तर आपल्याहून कितीतरी तिखट. वर इमारतीत माणसं राहतात, तेही आहेच.

शिट्झूवाली, तुमचा मुद्दा जास्त लागला. माझ्याकडच्या गाठींना मी मालकांना बोल लावत होते, त्यातल्या काही माझ्या नळीच्या असाव्यात.

ठाणेकर
आवाजाचं खरं आहे. पण ताई, घेण्याआधी त्या दोनपैकी एक हस्की दुकानात घेऊन जा आणि एका मोटरवर काखेपर्यंत वाळवून बघा. मग थांबा दहा मिनिटं, अंग निवू द्या आणि कानामागे, काखेत, शेपटीखाली बोटं घाला. गार लागलं तर आत पाणी आहे.

मोतीची आई
शनिवारी एकीला घेऊन जाते, मालक तयार आहेत. वायरमनदादा, माझा पॉइंट सोळाचाच आहे, पण मागची वायर दीड चौरस मिलिमीटरची निघाली. चालेल का?

वायरमन
नाही चालणार. किमान अडीचची ओढून घ्या, शक्य असेल तर चारची. यंत्र घरी येण्याआधी.