बारा मॅच, नऊ हार : एडमंटनवाल्यांनी आता टेबल बघायचं की नाही?

सकाळचा_डबा (नाशिक, इंदिरानगर)
१० नोव्हेंबर २०२३, दुपारी १२.४०

नमस्कार. इथे बहुतेक जण सध्या वर्ल्डकपमध्ये आहेत. आमच्या घरीही तेच, आपली टीम आठपैकी आठ जिंकली म्हणून हे नुसते हवेत आहेत. पण मला विचारायचंय ते आइस हॉकीबद्दल. एनएचएल (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची लीग) बघणारं कुणी असेल तर कृपया उत्तर द्या.

माझी लेक गेल्या वर्षी शिकायला एडमंटनला गेली. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात तिला फार एकटं वाटायचं. तिच्या घरमालकीणबाई ऑइलर्सच्या, म्हणजे एडमंटनच्या टीमच्या, मॅच बघायच्या, तिलाही हाक मारून बसवायच्या. मग ती मला व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर ठेवायला लागली. इकडे मी पोळ्या लाटत असते. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवलेला, चित्र तुटतंय, पक (चेंडूऐवजी असते ती चकती) तर मला आजही अर्ध्या वेळा दिसत नाही. पण लोक ओरडले की कळतं, आणि लेक ओरडली की नक्की कळतं. त्यांची घरची मॅच संध्याकाळी सातची असली की आपल्याकडे सकाळचे साडेसहा. ५ नोव्हेंबरला त्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली, म्हणून आता साडेसात. म्हणजे पूर्वी डबा भरता भरता पहिले दोन पीरियड व्हायचे, आता डबा निघून गेल्यावर मॅच सुरू होते. मला हे जास्त सोयीचं आहे.

गेल्या सीझनने आम्हा दोघींना वेड लावलं. आमच्या मॅकडेव्हिडचे १५३ पॉइंट (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून), ड्रायसायटलचे १२८, आणि पॉवर प्ले तर असा की समोरच्याचा एक माणूस बाहेर बसला की तीनातल्या एका वेळी गोल ठरलेलाच. ३२.४ टक्के, एनएचएलच्या इतिहासात एवढं कुणाचंच नव्हतं. या वर्षी लीगचा कप आपलाच, असं तिथे सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.

आणि आता हे बघा. १२ ऑक्टोबरला आपल्या सकाळी पहिली मॅच, व्हँकुव्हरकडून ८-१. बोसर नावाच्या एकाच मुलाने चार गोल केले. मला वाटलं, होतं असं कधीतरी. मग पुन्हा व्हँकुव्हरच, ४-३. नॅशव्हिलला ६-१ ने हरवलं तेव्हा वाटलं गाडी रुळावर आली. तिथून पुन्हा सगळीकडे हार : फिलाडेल्फिया, विनिपेग (ही ओव्हरटाइममध्ये, तेवढा एक गुण मिळाला), मिनेसोटा, रेंजर्स. त्यातच मॅकडेव्हिड दुखावला आणि दोन मॅच बाहेर बसला.

मधे एकच दिवस सोन्याचा आला. २९ ऑक्टोबरला कॉमनवेल्थ स्टेडियमवर उघड्या आभाळाखाली कॅल्गरीशी मॅच, पंचावन्न हजार माणसं. लेक मैत्रिणींबरोबर गेली होती, पायात दोन-दोन मोजे चढवून. आपल्याकडे पहाटेचे साडेचार, नुकती कोजागिरी झालेली. मी गॅलरीत शाल घेऊन बसले होते, वर चंद्र, आणि फोनमध्ये तिच्या तोंडातून वाफ येताना दिसत होती. ५-२ ने जिंकलो. त्या दिवशी ती जशी हसली तशी मी वर्षभरात पाहिली नव्हती.

त्यानंतर डॅलस, नॅशव्हिल, परत व्हँकुव्हर, सगळ्यांकडून हार. आणि आज धनत्रयोदशीच्या सकाळी सॅन होझे. ज्या सॅन होझेला सीझनच्या पहिल्या अकरा मॅचमध्ये एकही जिंकता आली नव्हती, त्यांच्याकडून ३-२. दोन विजय, नऊ पराभव, एक ओव्हरटाइमची हार. १२ मॅचमध्ये ५ गुण.

मॅच संपल्यावर लेक काही बोललीच नाही. "आई, झोपते," म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या परीक्षा जवळ आल्यात, दिवाळीत ती एकटी आहे, आणि आता हेही. कुणी खेळच तर आहे असं म्हणू नका, ते मला यांच्याकडून रोज ऐकायला मिळतं.

माझा प्रश्न सरळ आहे. ८२ मॅचपैकी १२ झाल्यात. एवढ्यावरून टीम वाईट आहे असं म्हणता येतं का? नक्की बिघडलंय कुठे? मला तिला खोटा धीर द्यायचा नाही. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, लगेच ओळखेल.

---

सातपूर_सेकंड_शिफ्ट
१० नोव्हेंबर २०२३, दुपारी २.०५

ताई, तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं. नाशकात एनएचएल बघणारा मी एकटाच असं मला सहा वर्षं वाटत होतं. शिफ्टला निघायच्या आत लिहून टाकतो.

मी कंपनीत क्वालिटीला आहे, तर माझ्या कामाच्या हिशेबाने सांगतो. बारा नग तपासून आम्ही अख्खा लॉट कधी नापास करत नाही. पण बाराही नगांत दोष एकाच जागी येत असेल, तर लॉटचं राहू द्या, आधी मशीन थांबवतो आणि ती जागा बघतो. तुमच्या ऑइलर्सचा दोष एकाच जागी येतोय. गोली, म्हणजे गोलकीपर.

एनएचएलमध्ये गोलवर आलेल्या १०० शॉटपैकी साधारण ९० अडवले तर गोलीचं काम ठीक चाललंय असं धरतात. तुमचा गोली कॅम्पबेल, त्याचा आकडा या सीझनला .८७३ आहे, म्हणजे शंभरात ८७. कागदावर तीनाचाच फरक. पण एका मॅचला गोलवर तीसएक शॉट येतात. म्हणजे दर मॅचला जवळजवळ एक गोल जास्तीचा खाल्ला. आता तुम्हीच तुमची यादी बघा : ४-३, विनिपेगची ओव्हरटाइमची हार, डॅलस, आजची ३-२. एकेका गोलाच्या मॅच आहेत. दुसरा गोली स्किनर, त्याचं गेल्या वर्षी छान चाललं होतं, या वर्षी तोही सापडत नाहीये. कॅम्पबेलला तर ७ तारखेला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे कुठल्याही संघाने या आणि घेऊन जा. कुणीच घेतला नाही, म्हणून त्याला खालच्या लीगमध्ये बेकर्सफील्डला पाठवलं. पाच वर्षांचा, अडीच कोटी डॉलरचा करार आहे त्याचा, कोण घेणार.

पुढची फळी मात्र खेळतेय. आजही शॉट आपल्याच मुलांचे कितीतरी जास्त होते, समोरचा गोली ब्लॅकवूड उभा ठाकला. लेकीला हे जरूर सांगा, कारण हे खरं आहे.

आता गणित. पश्चिमेकडच्या गटातली प्लेऑफची (बाद फेरीची) शेवटची जागा गेल्या सीझनला विनिपेगने ९५ गुणांवर घेतली, त्याआधी नॅशव्हिलने ९७ वर. ९५ धरू. तुमच्याकडे ५ आहेत. उरलेल्या ७० मॅचमध्ये ९० गुण हवेत, एका विजयाचे दोन, म्हणजे ४५ विजय. ओव्हरटाइमला हरूनही एकेक गुण मिळतो, त्यामुळे थोडे कमी चालतील. गेल्या वर्षी याच मुलांनी ८२ मध्ये ५० जिंकल्या. अवघड आहे, पण त्यांच्या ऐपतीबाहेरचं नाही.

जुने लोक टेबल कधी बघतात? अमेरिकेत थँक्सगिव्हिंग झाल्यावर, यंदा २३ तारखेला. त्या दिवशी जे प्लेऑफच्या जागेत असतात त्यातले साधारण चारपैकी तीन शेवटपर्यंत टिकतात. तुमची टीम तोवर वर येणं कठीण आहे, म्हणजे त्या उरलेल्या एकाच्या रांगेत उभं राहायचंय.

आणि त्या रांगेतून कुठवर जाता येतं तेही सांगतो, कारण मी ऑइलर्सचा नाही, सेंट लुईस ब्लूजचा आहे. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी आम्ही ३१ संघांत शेवटचे होतो. शेवटून पहिले! कोच नोव्हेंबरातच बदलला होता, तरीही. मग बिनिंग्टन नावाचा पोरगा गोलमध्ये उभा राहिला आणि सगळं फिरलं. १२ जूनला आम्ही कप उचलला, क्लबच्या इतिहासातला पहिला. मी तेव्हा थर्ड शिफ्टला होतो. कॅन्टीनमध्ये उभ्याने स्कोअर बघितला आणि डोळ्यांतून पाणी आलं. शेजारी बसलेल्या मित्राला वाटलं घरून काही वाईट बातमी आली.

जातो, बस आली.

---

गोदाकाठचा_वाचक
१० नोव्हेंबर २०२३, सायं. ६.३०

मला हॉकी कळत नाही, पण मुलगी एकटी आहे हे वाचून लिहितोय. आमचा मुलगा जर्मनीत आहे. फराळ वेळेवर पाठवला होता का? नसेल तर चकली पाठवू नका, चुरा होतो. शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू नीट पोचतात.

---

निफाडचा_बागवाला
१० नोव्हेंबर २०२३, रात्री ९.१५

ताई, रामराम. मी कॅल्गरीवाला, म्हणजे तुमचा शेजारी आणि वैरी. भाचा तिथे ट्रक चालवतो, त्याच्यामुळे लागलेली सवय. २९ तारखेची मॅच आम्ही हरलो, त्याबद्दल तुमच्यावर राग नाही. आमचीही सुरुवात वाईटच झालीय.

सातपूरच्या दादांनी गोलीचं बरोबर सांगितलं. मी फक्त त्याच्या मागचं सांगतो. द्राक्षाचा हंगाम आणि एनएचएलचा हंगाम जवळपास एकच. ऑक्टोबरात छाटणी, एप्रिलपर्यंत सगळं आटोपलेलं. छाटणीनंतर दहा-बारा दिवसांनी डोळे फुटतात आणि आम्ही घड मोजायला बागेत शिरतो. कधी कधी ओळीच्या ओळी जायचं, वेल हिरवागार, पण घडच नाही. नुसती पानं आणि बाळ्या (वेलीचे तंतू). पहिल्यांदा बाग करणारा माणूस तेव्हा ऑक्टोबरच्या कामाला दोष देतो. पेस्ट चुकली, पाणी चुकलं, मजुराने डोळा चुकीचा ठेवला. खरी गोष्ट अशी की तो घड एप्रिलच्या छाटणीनंतर, उन्हाळ्यात काडीच्या आत तयार होतो. तेव्हा ऊन-पाणी-खत चुकलं असेल तर ऑक्टोबरात ब्रह्मदेव आला तरी घड निघत नाही.

ऑइलर्सचंही ऑक्टोबरात जे दिसतंय ते उन्हाळ्यात ठरलंय. कॅम्पबेलला एवढ्या पैशाला जुलै २०२२ मध्ये घेतलं. गेल्या हंगामात त्याचं जमत नाही हे दिसलं होतं, तरी या उन्हाळ्यात गोलमध्ये दुसरा कुणी आणला नाही. हे मॅनेजरचं काम. पण बघत राहा, बळी कोचचा जाईल. वुडक्रॉफ्ट फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि त्याच वर्षी त्याने तुम्हाला पश्चिमेच्या फायनलला नेलं. गेल्या वर्षीही दुसऱ्या फेरीपर्यंत. असा माणूस महिन्याभरात वाईट होत नाही.

बागेचं एक बरं असतं. घड कमी असले तरी आहेत त्या घडांची निगा राखून माल चांगला काढता येतो, आणि कमी घडाच्या मालाला फुगवण जास्त येते. तुमच्याकडे मॅकडेव्हिड आहे. आमच्याकडे तो नाही, हे दुःख तुम्हाला कळायचं नाही.

लेकीला दिवाळीच्या शुभेच्छा सांगा. कॅल्गरीकरांकडून म्हणून सांगा, चिडेल आणि बरं वाटेल.

---

सातपूर_सेकंड_शिफ्ट
११ नोव्हेंबर २०२३, सकाळी ११.२०

दादा, घडाचं एकदम पटलं. पण कोचबद्दल माझं मत वेगळं आहे. मशीनचा दोष असला तरी ऑपरेटर बदलल्यावर कधी कधी माल सुधारतो, हे मी शॉपफ्लोअरवर पाहिलंय. नवा माणूस आवाज ऐकतो, जुन्याला त्या आवाजाची सवय झालेली असते. पिट्सबर्गने डिसेंबर २०१५ मध्ये कोच बदलला आणि त्याच सीझनचा कप नेला. आमचं तर सांगितलंच. माणसावर अन्याय होतो, मान्य. टीमचं मात्र कधी कधी भलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

---

सकाळचा_डबा
१३ नोव्हेंबर २०२३, सकाळी १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर वेळ मिळाला नाही, आज सविस्तर लिहिते.

परवा तुम्हा दोघांची उत्तरं मी लेकीला फोनवर वाचून दाखवली. गोलीचं तिला माहीत होतं. ९० गुणांचं गणित ऐकून तिने कागद घेतला आणि स्वतः परत मांडलं. बागेचं ऐकताना ती गप्प झाली. माझ्या वडिलांची पिंपळगावला बाग होती, लहानपणी ती घड मोजायला त्यांच्यामागे जायची. "आजोबा काडी मोडून बघायचे ना गं," म्हणाली. मग आम्ही हॉकी सोडून अर्धा तास बाबांबद्दलच बोललो. हे तुमच्यामुळे झालं, निफाडचे दादा.

काल नरकचतुर्दशी. पहाटे यांना आणि धाकट्याला उटणं लावून अभ्यंगस्नान उरकलं, कारण साडेआठला सिअॅटलशी मॅच होती. फराळाचं ताट घेऊन मोबाइलसमोर बसले. ४-१ ने जिंकलो! लेकीने तिकडे रात्रीच पणती लावली होती, ती टीव्हीच्या टेबलावर ठेवली होती. घरमालकीणबाईंनी विचारलं की हे जिंकण्यासाठी आहे का, तर ही म्हणाली, हो.

आणि रात्री लक्ष्मीपूजन आटोपून आम्ही सगळे बसलो होतो, बाहेर फटाके, तेवढ्यात तिचा मेसेज. वुडक्रॉफ्टला काढलं. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी! मला खरंच वाईट वाटलं. निफाडचे दादा, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. तीन विजय, नऊ हार, एक ओव्हरटाइम, इथे त्या माणसाचा हिशेब बंद केला. नवीन नोब्लॉक म्हणून आलाय. मॅकडेव्हिड मुलगा असताना ईरीच्या ज्युनिअर टीममध्ये त्याच्याच हाताखाली खेळला होता, असं लेकीने सांगितलं. मदतीला पॉल कॉफी. घरमालकीणबाईंना हे नाव ऐकून भरून आलं म्हणे, १९८४ च्या पहिल्या कपच्या वेळी त्या कॉलेजात होत्या आणि कॉफी त्या टीममध्ये होता.

सातपूरचे दादा, तुमचं म्हणणं खरं ठरो. मला अजून जुन्याचंच वाईट वाटतंय, नव्यावर भरवसा बसायला मला वेळ लागतो. लेकीचा मात्र बसलाय. तिने फ्रिजवर कागद लावलाय, ९५ मधून गुण वजा करत जाणार आहे. सिअॅटलचे दोन धरून सात झाले, आता ८८ हवेत.

फराळाचं विचारणाऱ्या काकांना : लाडू आणि शंकरपाळे पोचले. चकलीचा चुराच झाला, तो तिने दह्यात घालून खाल्ला.

उद्या पाडव्याच्या सकाळी घरी आयलंडर्सशी मॅच आहे, नव्या कोचची पहिली. यांना सुट्टी, डबा नाही. पहिल्या फेसऑफपासून बघणार आहे.