मदत हवी आहे: तिन्ही चिलर (पाणी थंड करणारे संच) चालवावे लागतात, स्टँडबाय उरत नाही. १४ दिवसांच्या शटडाऊनमध्ये काय उरकावं?

धागाकर्ता

एका मोठ्या संशोधन केंद्राच्या शीतकरण आणि वायुवीजन यंत्रणेबद्दल विचारतोय. ५०० टनांचे (टन हे शीतकरण क्षमतेचं एकक) तीन वॉटर-कूल्ड चिलर आहेत. मूळ डिझाइन दोन चालू, एक स्टँडबाय. प्रत्येकाला ठरावीक वेगाचा प्रायमरी पंप (चिलरमधून पाणी फिरवणारा), पुढे व्हीएफडीवरचे (वेग बदलता येणारे) सेकंडरी पंप (इमारतीकडे पाणी नेणारे), मध्ये डीकपलर (पुरवठा आणि परतीला जोडणारा पाइप). पाणी ७ °से ला जाऊन १२.५ °से ला परत यावं अशी अपेक्षा. एएचयू (थंड पाण्याच्या कॉइलवरून हवा नेऊन खोल्यांना देणारे संच) ३८, त्यातले १४ प्रयोगशाळांचे, शंभर टक्के बाहेरची हवा घेणारे. फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा ओढून बाहेर टाकणारी कपाटं) ६२. केंद्राच्या मुख्य मशीनच्या चुंबकांना डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचं वेगळं बंद सर्किट आहे, ते कूलिंग टॉवरच्या पाण्यावर थंड होतं. मशीन अखंड चालतं, शटडाऊन वर्षातून दोनदा, १४-१४ दिवस.

अडचणी अशा:

१) परतीचं पाणी चिलरवर १०.२ लाच येतं. दोन चिलरवर भागत नाही, तिसरा लावावा लागतो. त्यामुळे मेंटेनन्ससाठी एकही मोकळा मिळत नाही.
२) काही प्रयोगशाळांची दारं उघडायला जोर लागतो. एका ठिकाणी कॉरिडॉरच्या तुलनेत खोलीचा दाब उणे ५५ पास्कल मिळाला, हवा होता उणे १२.
३) पीएमचं (ठरावीक काळाने करायच्या देखभालीचं) वेळापत्रक महिन्याचं, आणि माणसं ९. सगळं 'केलं' म्हणून टिक होतं, पण ते खरंच झालंय का ते कळत नाही. पुढच्या शटडाऊनची यादी १४० कामांची झालीय.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

आधी कॅल्क्युलेटर काढा. ५०० टन म्हणजे १७५८ किलोवॅट. ५.५ अंशांच्या फरकाला एका चिलरचा प्रवाह १७५८ ÷ (४.१९ × ५.५), म्हणजे सुमारे ७६ लिटर/सेकंद. तिन्हींचा मिळून २२९. तुमचा फरक ३.२ अंशच आहे. २२९ × ४.१९ × ३.२ = सुमारे ३०७० किलोवॅट, म्हणजे ८७० टन. बीएमएसवर (इमारतीच्या नियंत्रण यंत्रणेच्या स्क्रीनवर) प्रत्येक चिलर ५८ टक्क्यांच्या आसपास दिसत असेल, तर हा हिशोब बरोबर आहे. दोन चिलरना झेपणारा भार तीन जण वाटून घेतायत. चौथ्या चिलरचा प्रस्ताव कुठे फिरत असेल तर तो आधी थांबवा.

प्रवाह नुसता गृहीत धरू नका. इव्हॅपोरेटरच्या (चिलरमधल्या पाणी गार करणाऱ्या भागाच्या) दोन्ही तोंडांवर एकच गेज आळीपाळीने लावून दाबातला फरक घ्या आणि उत्पादकाच्या आलेखाशी ताडा. दोन वेगळे गेज वापरले तर त्यांच्यातली चूकच मोजून बसाल.

मग डीकपलर. इमारतीकडून येणारं पाणी आणि चिलरमध्ये शिरणारं पाणी, दोन्हींचं तापमान एकाच वेळी घ्या. इमारतीचं १२.५ आणि चिलरवर १०.२ असेल, तर थंड पाणी डीकपलरमधून तसंच परत फिरतंय. मग एक चिलर आणि त्याचा पंप बंद करा, विषय संपला. पण इमारतीतूनच पाणी गार येत असेल, तर रोग एएचयूकडे आहे. तिसरी शक्यता उलट्या प्रवाहाची: सेकंडरीचा प्रवाह प्रायमरीपेक्षा जास्त झाला की परतीचं गरम पाणी पुरवठ्यात मिसळतं, कॉइलला ७ ऐवजी ८.५ मिळतं, व्हॉल्व्ह आणखी उघडतात आणि पंप आणखी पाणी ओढतात.

धागाकर्ता

मोजलं. इमारतीकडून १०.४, चिलरवर १०.२. पुरवठा दोन्हीकडे ७.०. चिलर ५६ ते ६० टक्के. सेकंडरी पंपांचा डिफरन्शियल प्रेशर सेटपॉइंट (पुरवठा आणि परत यांच्या दाबात किती फरक राखायचा तो आकडा) २.२ बार आहे, तो कुणी आणि का ठेवला याची नोंद नाही.

प्रतिसाद २

म्हणजे डीकपलरमधून जेमतेम ६ टक्के पाणी फिरतंय. दोष एएचयूकडेच. ३८ च्या ३८ तपासा, पण स्पॅनर नंतर, आधी बीएमएसचा ट्रेंड. दुपारच्या एका तासात प्रत्येक एएचयूची व्हॉल्व्ह कमांड, सप्लाय एअरचं तापमान आणि त्याचा सेटपॉइंट एका तक्त्यात घ्या. कॉइलच्या परतीच्या पाइपला सेन्सर नसेल तर इन्सुलेशन बाजूला करून प्रोब पाइपला बांधा. इन्फ्रारेड गन चकचकीत पाइपवर खोटं सांगते.

व्हॉल्व्ह १०० टक्के उघडा, परतीचं पाणी ९-९.५, तरी हवा सेटपॉइंटला पोचत नाही: कॉइल घाण आहे. व्हॉल्व्ह १०० टक्के उघडा आणि सेटपॉइंटच १० °से: कुणीतरी तक्रार मिटवायला तो उतरवलाय. ७ अंशांच्या पाण्यावर १० ची हवा बहुतेक कॉइलच्या आवाक्याबाहेर असते, मग व्हॉल्व्ह सताड उघडा राहतो आणि पाणी उगाच धावतं. तो १२.५-१३ ला परत न्या. आर्द्रतेचं बंधन असलेल्या खोल्या वेगळ्या धरा.

कमांड शून्य, पंखा चालू, तरी कॉइलनंतरची हवा आधीच्या हवेपेक्षा गार: व्हॉल्व्ह पासिंग आहे, म्हणजे बंद असूनही पाणी सोडतोय. इथे तुमचा २.२ बारचा आकडा येतो. प्रत्येक ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह हलवणारी मोटर) ठरावीक दाबापर्यंतच व्हॉल्व्ह घट्ट मिटू शकतो. दाब त्यापलीकडे गेला की पाणी प्लग उचलून निघून जातं आणि स्क्रीनवर 'बंद' दिसत राहतं. म्हणून व्हॉल्व्ह बदलायच्या आधी सेटपॉइंट दिवसाला ०.२ बारने उतरवा आणि सर्वात दूरच्या एएचयूकडे लक्ष ठेवा. त्याचा व्हॉल्व्ह ९० टक्क्यांवर जाऊन टिकला की थांबा.

थ्री-वे व्हॉल्व्ह (नको असलेलं पाणी कॉइलला वळसा घालून परत पाठवणारे) किती आहेत तेही मोजा. ते भार नसताना ७ चं पाणी ७ लाच परत पाठवतात.

प्रतिसाद ३

पुरवठ्याचं पाणी ७ वरून ५.५ केलं तर? कॉइल जास्त उष्णता घेतील आणि फरक वाढेल.

प्रतिसाद २

फरक थोडा वाढेल हे खरं, तात्पुरती सोय म्हणून ठीक. पण चिलरची क्षमता घटते आणि दर अंशामागे वीज साधारण २ ते ३ टक्के जास्त जाते. पासिंग व्हॉल्व्हमधून आता ७ चं पाणी फुकट जातंय, मग ५.५ चं जाईल.

प्रतिसाद ४

अडचण १ आणि २ वेगळ्या नाहीत असं वाटतंय. फ्यूम हूडचा एक्झॉस्ट ठरलेला असतो. दार ओढलं जातंय म्हणजे सप्लाय कमी पडतोय. (५५ पास्कल × २ चौ. मी. दार = ११० न्यूटन, हँडलवर त्याच्या निम्मे, वर डोअर क्लोजर.) सप्लाय कमी म्हणजे फिल्टर किंवा कॉइल तुंबलेली, आणि तीच कॉइल तिकडे गार पाणी परत पाठवतेय. दारं जड असलेल्या प्रयोगशाळांचे एएचयू प्रतिसाद २ च्या पहिल्या प्रकारात सापडतील.

फिल्टरचा मॅनोमीटर 'ठीक' दाखवत असेल तरी लगेच विश्वास नको. नळ्या तडकलेल्या किंवा निघालेल्या असतात. शिवाय हवा कमी झाली की तुंबलेला फिल्टरही कमी पास्कल दाखवतो. सोबत पंख्याचा प्रवाह घ्या. पूर्ण हवेला जी४ (जाड) फिल्टरचा साधारण १५० आणि एफ७ (बारीक) फिल्टरचा २०० पास्कल झाला की बदला, तारीख बघू नका. बदलताना फ्रेमची गास्केट आणि क्लिप तपासा. फिल्टरला वळसा घालून गेलेली धूळ सरळ ओल्या कॉइलवर बसते.

कॉइल धुताना पाणी हवेच्या उलट दिशेने आणि कमी दाबाने. जेट लावलात तर फिन आडव्या होतील, आणि पुढून धुतलंत तर गाळ मधल्या ओळींत जाऊन बसेल. तीव्र अल्कली क्लीनर ॲल्युमिनियम खातो.

ड्रेन ट्रॅप (निचऱ्याच्या पाइपातलं पाण्याचं सील) विसरू नका. पंख्याच्या ओढीकडचा दाब उणे ७५० पास्कल असेल तर तो ७६ मिमी पाण्याइतका, त्यावर २५ मिमी धरून सील सुमारे १०० मिमी हवा. फिल्टर तुंबला की ओढ वाढते, ट्रॅप रिकामा होतो, ट्रेमधलं पाणी वाहून न जाता डक्टमध्ये उडतं.

सप्लाय सुधारल्यावर प्रत्येक हूडचा फेस व्हेलॉसिटी (तोंडातून आत जाणाऱ्या हवेचा वेग) पुन्हा मोजा. सॅश (हूडची सरकती काच) कामाच्या उंचीवर, जाळी आखून सरासरी ०.५ मी/से च्या आसपास. नुसत्या सरासरीवर समाधान मानू नका, एका कोपऱ्यात ०.३ असेल तर वाफ तिथून बाहेर येते.

धागाकर्ता

प्रतिसाद ४ चा अंदाज बरोबर निघाला. सताड उघडे व्हॉल्व्ह ११, त्यातले ८ प्रयोगशाळांचे. पासिंग ७. थ्री-वे ४. आता शटडाऊनबद्दल सांगा.

प्रतिसाद ५

१४० कामांच्या यादीत प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: हे मशीन चालू असताना का होणार नाही? उत्तर नसेल तर काम यादीतून काढा. चिलर मोकळा झाला की कंडेन्सर ट्यूबची सफाई एकेक करून वर्षभर होते. ती कधी करायची ते अप्रोच सांगतो: पूर्ण भाराला रेफ्रिजरंटचं कंडेन्सिंग तापमान उणे बाहेर पडणाऱ्या पाण्याचं. स्वच्छ असताना १ होता आणि आता ३ झाला, तर ब्रश घाला. टॉवर, बेल्ट, ग्रीस, फिल्टर हेही शटडाऊनचं काम नाही. फक्त प्रयोगशाळेच्या एएचयूचा पंखा थांबवताना तिथला एक्झॉस्टही उतरवा आणि हूडवर काम थांबवा, नाहीतर दार उघडणारच नाही.

शटडाऊनला उरतं ते कॉमन हेडरवरचं (सामाईक मुख्य पाइपावरचं), मुख्य इलेक्ट्रिकल पॅनेलचं आणि डीएम सर्किटचं. हेडरच्या कामाचा घात एकाच ठिकाणी होतो: आयसोलेशन व्हॉल्व्ह मिटतच नाही, आणि हे कळतं पहिल्या दिवशी. म्हणून दोन महिने आधी प्रत्येक व्हॉल्व्ह थोडा फिरवून बघा, अडकलेल्यांची यादी करा, नवे मागवून ठेवा. पाइप द्रव नायट्रोजनने बाहेरून गोठवून बर्फाचं बूच बनवण्याची पद्धत आहे, पण पाणी पूर्ण थांबलेलं असेल तरच, आणि बंद जागेत ऑक्सिजन मॉनिटर हवाच.

डीएम सर्किट पहिल्या चार दिवसांत संपवा. उघडलं की हवा शिरते, आणि तांब्याला सर्वात वाईट असते ती विरघळलेल्या ऑक्सिजनची मधली पातळी, काहीशे पीपीबीची (अब्ज भागांत काहीशे भाग). ऑक्साइड सुटतो आणि चुंबकांच्या अरुंद वाहिन्यांत अडकतो. रिकामं केलेल्या भागात नायट्रोजन ठेवा. वेल्डिंग झालं असेल तर चुंबकांना होजने बायपास करून फ्लश करा, स्ट्रेनर स्वच्छ निघेपर्यंत. मग रेझिनमधून (क्षार शोषणाऱ्या दाण्यांमधून) फिरवून कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) १ मायक्रोसीमेन्स/सेंमीच्या खाली आणा. यालाच दोन-तीन दिवस जातात. शेवटचे तीन दिवस कुणालाही देऊ नका, ते चाचणीचे.

अवांतर: पीएममधलं 'दर महिन्याला ग्रीस' बंद करा. जादा ग्रीसने बेअरिंग तापतं आणि सील फुटतं. चालू तास आणि उत्पादकाचं ग्रॅममधलं प्रमाण लिहा. बेल्टचा ताण अंगठ्याने बघू नका, एका मीटर स्पॅनला तो साधारण १६ मिमी दबला पाहिजे, तोही ठरलेल्या बळाने. 'केलं' या टिकेऐवजी आकडा भरायला लावा: पास्कल, अँपिअर, कंपनाचे मिमी/से. मग खोटी नोंद लगेच दिसते, कारण सहा महिने तोच आकडा कुठेच येत नाही.

धागाकर्ता

सेटपॉइंट १.४ बारवर टिकला. ७ पैकी ५ व्हॉल्व्हचं पासिंग त्यानेच थांबलं. सहा कॉइल धुतल्या, फिल्टर बदलले. परतीचं पाणी आता ११.६. रात्री दोन चिलर पुरतात, दुपारी मात्र तिसरा लावावा लागतो.

प्रतिसाद १

८७० टनांना ४.६ अंशांच्या फरकावर १५९ लिटर/सेकंद लागतात, दोन चिलर देतात १५३. कमतरता ६ ची. प्रायमरी पंपांचे बॅलन्सिंग व्हॉल्व्ह किती मिटलेत ते बघा. बहुतेक ठिकाणी पंप मोठा घेऊन तो आवळलेला असतो. उत्पादकाच्या तक्त्यात इव्हॅपोरेटरचा कमाल प्रवाह तपासा, त्यात बसत असेल तर प्रत्येकी ८० पर्यंत उघडा. उघडताना मोटरचे अँपिअर बघत राहा, नेमप्लेटच्या वर जाऊ देऊ नका. थ्री-वेपैकी तिघांचं बायपास पोर्ट बंद करा, आधी ॲक्च्युएटरची क्लोज-ऑफ क्षमता (किती दाबापर्यंत तो व्हॉल्व्ह मिटू शकतो) बघून. चौथा, लाइनच्या टोकाचा, तसाच राहू द्या. सेकंडरी पंपाला किमान प्रवाह तिथूनच मिळेल.