कुंकळ्ळी १५८३: रुडॉल्फ आक्वाविवा श्रद्धेसाठी मेला की सत्तेच्या वाटेवर मेला?

शिळंपाखरू (धागाकर्ता)

आक्वाविवा हे नाव आपल्याकडे फार तर अकबराच्या इबादतखान्यापुरतं (धर्मचर्चेच्या सभागृहापुरतं) माहीत असतं. इटलीतल्या आत्रीच्या ड्यूकचा मुलगा, जन्म १५५०, घरची श्रीमंती सोडून जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघात गेला. १५७८ मध्ये गोव्यात उतरला आणि १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला गेलेल्या पहिल्या जेझुइट तुकडीचा प्रमुख झाला. बादशहाने मान दिला, वादविवाद ऐकले, पण ख्रिस्ती काही झाला नाही. १५८३ मध्ये गडी गोव्याला परतला, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या मिशनचा प्रमुख झाला आणि त्याच जुलैत तिथल्या कुंकळ्ळी गावात मारला गेला. बरोबरचे चार जेझुइटही (पाशेको, बेर्नो आणि आणखी दोघे) गेले.

चर्चसाठी जागा बघून क्रूस उभारायला ही मंडळी आली होती. सोबतचा एक पोर्तुगीज बंदूक चालवायला निघाला तेव्हा पाशेकोने त्याला अडवलं. मांडीवर वार बसल्यावर आक्वाविवाने गुडघे टेकून गळ्याशी झगा सैल केला आणि मान पुढे केली, असं जेझुइट वृत्तान्त सांगतात. आता वृत्तान्त त्यांच्याच माणसांचे, तेव्हा थोडं तिखटमीठ गृहीत धरा. तरी न पळता मान पुढे करणारा निःशस्त्र माणूस मला श्रद्धेपायी मेलेलाच वाटतो. तुमचं काय?

रायतूरचा_रखवालदार

साहेब, तुम्ही गोष्ट १५ जुलैच्या सकाळी सुरू केलीत. कुंकळ्ळीकरांसाठी ती कितीतरी आधी सुरू झाली होती. सासष्टी १५४३ पासून पोर्तुगीजांकडे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) बसलं. १५६७ मध्ये राशोल (रायतूर) किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉड्रिगिशने सासष्टीतली शेकडो देवळं जाळली. त्यानंतरही कुंकळ्ळी आणि आजूबाजूची गावं वाकेनात, सारा देईनात, म्हणून फौज पाठवून गाव जाळलं, देवळं पाडली. त्या फौजेबरोबर कोण होतं? पाशेको आणि बेर्नो. तुमच्या पाचांतले दोघे!

आता तीच माणसं पुन्हा गावात येऊन चर्चची जागा मोजू लागली, तर गावकऱ्यांनी पानसुपारी द्यायची होती का? धर्मछळ झाला हे मान्य, पण छळ कुणाचा चालला होता ते आधी ठरवा.

शिळंपाखरू

देवळं पाडल्याचं समर्थन मी करत नाही, करणारही नाही. पण आक्वाविवा प्रमुख होऊन फार दिवस झाले नव्हते. आधीच्या मोहिमांचा हिशेब त्याच्या मानेवर का? ज्याने तीन वर्षं मुघल दरबारात फक्त बोलून पटवायचा प्रयत्न केला, त्याला तलवारीचा माणूस म्हणणं अन्याय आहे.

रायतूरचा_रखवालदार

फत्तेपुरात फक्त बोलला, कारण तिथे बादशहा अकबर होता, फौज त्याची होती. सासष्टीत फौज त्याच्याच बाजूची, पोर्तुगीजांची होती. माणूस तोच, पण पाठीशी कोण उभं आहे त्यावर शब्दाचं वजन बदलतं. क्रूस उभारायची परवानगी गावाकडे मागितली होती का?

आंब्याचं_लोणचं

तुम्हा दोघांच्या भांडणात डोमिंगोस कुठेच नाही. तो कुंकळ्ळीचाच मुलगा, राशोलला शिकणारा. पाद्र्यांबरोबर आला होता, देवळं कुठे आहेत ते त्याने आधी दाखवल्याचं सांगतात. त्याला त्याच्या सख्ख्या काकाने मारलं. असे पंधराएक ख्रिस्ती त्या दिवशी मेले, एक पोर्तुगीज सोडला तर बाकी इथलेच. १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले ते मात्र फक्त पाच जेझुइट. पाचही युरोपातले. डोमिंगोसला रोममध्ये कुणी विचारलं नाही आणि पाद्र्यांना मारणाऱ्यांच्या गावातल्या स्मारकावर तो बसणं शक्यच नव्हतं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटतं, भले तुम्ही त्याला फितूर म्हणा.

रायतूरचा_रखवालदार

फितूर म्हणत नाही, ताई. पोरगं होतं.

वेळीपकार

मी त्याच पट्ट्यातला, कॅथलिक. आमच्याकडे लहानपणी फक्त पाच पाद्र्यांची गोष्ट सांगायचे, विहिरीवरचं कपेल (छोटं प्रार्थनाघर) दाखवायचे. त्यांची प्रेतं त्या विहिरीत टाकली होती. पुढचं मोठेपणी कळलं. पोर्तुगीजांनी सोळा गावकारांना (गावच्या मूळ घराण्यांतल्या प्रमुखांना) बोलणी करायला असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि पंधरा जणांना तिथेच ठार केलं. एकटा नदीत उडी मारून सुटला. गावांच्या जमिनी जप्त झाल्या. तहाला बोलावून मारणं हे त्या काळच्या हिशेबानेही नीचच.

तरी एक सांगतो. आमच्या गावची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळकरीण फातर्पे गावाला गेली, पण दरवर्षी छत्रोत्सवात (आम्ही सोंत्र्यो म्हणतो) कुंकळ्ळीत येते. बारा वांगडांच्या (मूळ कुळांच्या) बारा छत्र्या निघतात आणि त्या वांगडांतली ख्रिस्ती घरंही त्यात असतात. बाहेरचे लोक आम्हाला विचारतात, तुम्ही कुणाच्या बाजूचे? मारणाऱ्या गावकारांचं रक्त आमच्यात आणि पाद्र्यांनी दिलेला धर्मही आमच्यात. कुठली बाजू काढून टाकू? गावकारांचं स्मारक झालं ते उशिरा, पण झालं ते बरं. कपेल पाडा म्हणणारेही आता भेटतात. त्यांनी एकदा सोंत्र्यो बघून जावी.

शिळंपाखरू

वेळीपकार, प्रतिसाद आवडला. रखवालदार, तुमच्याशी अर्धंच जुळतंय. चर्चलाही हे प्रकरण सरळ वाटलं नसावं. चौकशी १६०० च्या सुमारास सुरू झाली आणि चौदावे बेनेडिक्ट यांनी मरण श्रद्धेपायी आलं असं १७४१ मध्ये ठरवलं. धन्य पद त्यानंतर दीडशे वर्षांनी. आक्वाविवाबद्दल माझं मत कायम आहे. बेर्नोचं नाव मी त्या रांगेत घालणार नाही. देऊळ मोडून आलेला माणूस त्याच गावात मेला तर मला त्याच्याबद्दल आदर नाही, फक्त दया आहे.

रायतूरचा_रखवालदार

म्हणजे तुम्ही पाचांतून एक वजा केलात. आणि पाशेको? तोही फौजेबरोबर होताच की. बंदूक अडवली म्हणून त्याला सूट?

आंब्याचं_लोणचं

त्याला सूट देणार असाल तर त्याच हिशेबात डोमिंगोसलाही बसवा.