मदत हवी आहे: शिकाऊंसाठी सेकंडहँड निकॉन डी५६०० कॅमेरा, सोबत कोणती लेन्स?

नवशिक्या मुलांसाठी वापरलेला डी५६०० घ्यायचा आहे. बॉडीत फोकस मोटर नाही, त्यामुळे स्वस्तात मिळणारी, स्वतःची मोटर नसलेली ५० एमएम एफ/१.८डी लेन्स यावर ऑटोफोकस करत नाही. शिकणाऱ्याचा उत्साह तिथेच मावळतो. शिवाय लहान सेन्सरच्या दीडपट क्रॉपमुळे (दृश्याच्या कडा कापल्या जातात) ती ७५ एमएमसारखी चालते, घरातल्या खोलीत फारच अडचणीची. म्हणून ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्सकडे (अशा लहान सेन्सरसाठीची लेन्स) कल आहे. की सुरुवातीला कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्सच पुरे?

लेन्समधली बुरशी टॉर्च मारून पाहतोच, अ‍ॅपर्चरची पाती तेलकट आहेत का तेही. शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं) ४०,००० असेल तर घ्यावा का? आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवाबंद डबा व सिलिका जेल पुरतं, की ड्राय कॅबिनेटच (आर्द्रता कमी ठेवणारं कपाट) हवं? जाणकारांनी कृपया सांगा.